संगणक देऊ, पण ठेवायचे कशावर?

(स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)

व्यासपीठावरील सर्व गुरुजन, आणि खाली बाकांवर कशीबशी मावलेली माझी 1997 च्या दहावीची मंडळी,

मला 'शालेय जीवनातील आठवणी' हा विषय दिला होता. आठवणी सकाळपासून भरपूर झाल्या. बाईंनी माझ्या अक्षराची आठवणही काढली, त्यामुळे माझ्या वाट्याचं काम झालेलंच आहे. म्हणून मी परवानगी न घेता विषय बदलते आहे.

चहाच्या आधी आपल्या तुकडीच्या निधीची यादी वाचली गेली. बारा संगणक, दोन प्रिंटर, एक इन्व्हर्टर. टाळ्या झाल्या, मीही वाजवल्या. मग मी शेजारी विचारलं, की टेबलांचं काय? उत्तर आलं, "अगं, टेबलं काय, शाळेत असतातच की." बाकी यादीबद्दल माझी काही तक्रार नाही. मला बोलायचंय ते ह्या 'असतातच की' बद्दल.

आधी तुम्ही सगळे स्वतःकडे बघा. गेला दीड तास तुम्ही ह्या बाकांवर बसला आहात. गुडघे वर आलेत, दोघांनी पाय बाहेर रस्त्यात सोडलेत, आणि तिसऱ्या रांगेतला एक जण तर मघापासून तिरका बसलाय. बाक वाईट नाही. तो बारा-तेरा वर्षांच्या मुलाच्या मापाचा आहे आणि आपण पंचेचाळिशीला आलो. आता हेच उलटं करून बघा. मोठ्या माणसाच्या मापाचं टेबल आणि समोर पाचवीतली मुलगी. तिला दीड तास नाही, वर्षभर तसं बसायचंय.

मला हे कळायला फार वर्षं लागली, आणि मध्ये एक चूकही केली. ती आपल्याच शाळेच्या बाबतीत केली. तीही सांगणार आहे, पण क्रमाने सांगते.

दहावीच्या सुट्टीत मी महाडला आत्याकडे राहून संगणकाच्या क्लासला जात होते. उमरठहून पोलादपूर, तिथून महाड, हा तेव्हा आपल्या दृष्टीने मोठाच प्रवास होता. क्लासमध्ये चार संगणक होते. बाहेर चपला काढायच्या, आत पंखा, आणि संगणकांवर प्लास्टिकची टोपरी. मला वाटलं होतं, संगणक बघून मी थक्क होईन. झालेही, पण साधारण आठवडाभर. खरं लक्ष वेधलं ते कोपऱ्यातल्या प्रिंटरने.

तो मोठा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर होता, एका ओळीत 132 अक्षरं छापणारा. त्याला लागणारा कागद म्हणजे एकाला एक जोडलेल्या पानांची लांबलचक घडी. दोन्ही कडांना अर्ध्या अर्ध्या इंचावर भोकं, आणि प्रिंटरची दातेरी चाकं त्या भोकांत दात घालून कागद ओढतात. एसटीचं आरक्षण, बँकेची खाती, कारखान्यांचे पगारपत्रक, सगळं त्या काळी ह्याच कागदावर टर्र टर्र करत छापलं जायचं. क्लासमध्ये तो प्रिंटर साध्या लाकडी टेबलावर होता. कागदाचं खोकं मागे जमिनीवर. कागद वर येताना टेबलाच्या कडेला घासायचा, एका बाजूने जास्त ताण यायचा, आणि पाच-सात पानांनंतर तिरका होऊन अडकायचा. छापून झालेला कागद पुन्हा मागेच पडायचा आणि आत जाणाऱ्या कोऱ्या कागदात गुंतायचा. एका मुलीचं काम काय, तर प्रिंटरमागे उभं राहून दोन्ही हातांनी कागद धरायचा. ती मुलगी मी.

जूनच्या आधी क्लासच्या मालकांनी जवळच्या ग्रिलवाल्याकडून एक लोखंडी स्टँड करून आणला. दिसायला अगदी साधा. वरच्या पत्र्याला कागदापेक्षा थोडी रुंद अशी एक लांब फट, तिची कड गोल वळवलेली. खोकं बरोबर त्या फटीखाली, खालच्या कप्प्यात. कागद सरळ खालून वर येतो, कुठे घासत नाही. मागच्या बाजूला खाली एक सळयांची टोपली, छापलेला कागद तिच्यात उतरतो. आणि गंमत अशी, की कागदाला आपली घडी आठवत असते. पडायला योग्य तेवढी उंची मिळाली तर तो आपला आपणच पुन्हा घडी घालत बसतो. उंची कमी असली तर गोळा होतो, फार असली तर उलगडत सुटतो. ग्रिलवाल्याने टोपली दोनदा वर-खाली केली आणि तिसऱ्यांदा जमलं. प्रिंटरचं डोकं इकडून तिकडे धावताना हलका स्टँड हलत हलत पुढे सरकतो, म्हणून त्याने मागे तिरप्या पट्ट्या मारल्या आणि पायांखाली टायरचे तुकडे बसवले.

त्या दिवसापासून माझी प्रिंटरमागची नोकरी गेली. त्या ग्रिलवाल्याने नुसता स्टँड केला नव्हता. कागद कुठून येतो, कुठे जातो, काय हलतं आणि कुणाचे हात अडकून पडलेत, हे बघून मग लोखंड कापलं होतं. पुढे चार वर्षं लोणेऱ्याला, डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठात अभियांत्रिकी शिकले, पण अभियांत्रिकीचा माझा पहिला धडा त्या स्टँडचाच. बऱ्याच वर्षांनी मला कळलं, की अशाच फटी, टोपल्या आणि प्रिंटरचा आवाज कोंडणाऱ्या पेट्या यांवर अमेरिकेत 1980 च्या दशकात लोकांनी पेटंटं घेतली होती. आमच्या ग्रिलवाल्याने मजुरी घेतली आणि एक चहा.

आता थोडं टेबलाविषयी. लिहिण्याचं टेबल साधारण 29-30 इंच उंच असतं. टंकलेखन यंत्र आलं तेव्हा लगेच लक्षात आलं, की यंत्राची कळफलकापर्यंतची उंची त्यात मिळवली तर हात खांद्याशी येतात. म्हणून टायपिंगची टेबलं तीन-चार इंच बुटकी करायला लागले. आपल्याकडे गोदरेजने 1955 मध्ये भारतीय बनावटीचं पहिलं टंकलेखन यंत्र बाजारात आणलं. आपल्यापैकी ज्यांनी सुट्टीत तीसची, चाळीसची परीक्षा दिली, त्यांना ती बुटकी टेबलं आठवत असतील. म्हणजे हे शहाणपण आपल्या टायपिंग क्लासांत होतं. संगणक आले आणि ते विसरलं गेलं. यंत्र महाग, म्हणून ते साहेबाच्या मोठ्या टेबलावर गेलं. मग हात दुखायला लागले, म्हणून टेबलाखाली सरकता कप्पा लावून कळफलक खाली आणला. तो कप्पा आला आणि मांड्यांना जागा उरली नाही.

तुमच्यापैकी निम्म्या घरांत ते 'कॉम्प्युटर टेबल' आलेलं असणार. भुशाच्या दाबलेल्या फळीचं, वर सनमायका, डावीकडे सीपीयूचा खण, वर प्रिंटरचा कप्पा, खाली चार चाकं. त्यातला प्रिंटरचा कप्पा जुन्या प्रिंटरच्या मापाचा. पुढे वर झाकण उघडून कागद ठेवायचे, झेरॉक्स काढणारे प्रिंटर आले, आणि त्या कप्प्यात झाकण उघडेचना. माझ्या सासरी तो प्रिंटर दर वेळी बाहेर काढून जेवणाच्या टेबलावर ठेवायचे, झेरॉक्स काढायचे आणि परत आत ढकलायचे. कप्पा मात्र 'प्रिंटरचा'.

पुण्यात नोकरीला लागले तेव्हा कचेरी चकचकीत होती. कमरेएवढ्या भिंतींचे चौकोनी खण तुम्ही चित्रपटात बघितले असतील. त्याचं मूळ अमेरिकेत, हर्मन मिलर कंपनीच्या रॉबर्ट प्रॉप्स्ट यांनी 1960 च्या दशकात केलेल्या 'ॲक्शन ऑफिस' रचनेत. त्यांच्या मनात होतं, की माणसाने दिवसभर एकाच जागी बसू नये, कधी उभं राहून काम करावं, जागा हवी तशी बदलता यावी. कंपन्यांनी त्यातून कमी जागेत जास्त माणसं मावतील एवढंच उचललं. शेवटी स्वतः प्रॉप्स्टनाच ते खटकायला लागलं.

माझी अडचण मात्र साधी होती. मी पाच फूट एक इंच. खुर्ची टेबलाच्या मापाने वर केली की पाय लोंबकळायचे, पाय टेकवायला खाली केली की हात कोंबडीच्या पंखांसारखे. मी एका जुन्या सीपीयूवर पाय ठेवून सात वर्षं काम केलं. मनगट दुखायला लागलं तेव्हा वाटलं टायपिंग फार होतंय, मान दुखली तेव्हा वाटलं वय झालं, एकतिसाव्या वर्षी! डॉक्टरीण बाईंनी औषध लिहून देण्याआधी विचारलं, "पाय कुठे टेकता?" तेव्हा मी शोधाशोध केली आणि देबकुमार चक्रवर्तींचं पुस्तक सापडलं, अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेने 1997 मध्ये काढलेलं. भारतीय माणसांच्या शरीराची मापं त्यात आहेत, फर्निचर करणाऱ्यांना वापरता यावीत म्हणून. आपण दहावी पास झालो त्याच वर्षी ते छापलं गेलं होतं. मापं होती, मी बसत होते त्या टेबलापर्यंत ती पोचली नव्हती.

आता माझी चूक. 2013 मध्ये एका ठिकाणचे जुने पण चालते दहा संगणक शाळेला मिळत होते. मी खटपट केली, टेम्पो केला, आणि सोबत टेबलंही फुकट मिळाली म्हणून तीही चढवली. शाळेत कार्यक्रम झाला, मला नारळ दिला, फोटो काढला. तो फोटो अजून माझ्याकडे आहे. त्यात मुलं टेबलांमागे उभी आहेत, आणि पुढच्या मुलांची फक्त डोकी दिसतात. फोटो मी खूप जणांना दाखवला, पण ही डोकी माझ्या लक्षात आली नाहीत.

आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. पहिल्या पावसाळ्यात फळ्या फुगल्या, सनमायक्याच्या कडा उचलल्या. कळफलकाचे कप्पे अडकले, मग मुलांनी ते ओढून काढले, मग ते तुटले. सीपीयू जमिनीलगत, भिंतीला चिकटून. भिंतीची ओल आत, उंदीर वायरींवर. दुसऱ्या पावसाळ्यात एका टेबलाचा वरचा कप्पा प्रिंटरसकट खाली आला. सुदैवाने रविवार होता. तिसऱ्या वर्षी खोलीला कुलूप लागलं. मी सरांना विचारलं, की शिक्षक नाहीत का, वीज नाही का? सर भिडस्त, ते म्हणाले, "आहे सगळं. पण लहान मुलं उभ्याने करतात, दहा मिनिटांत कंटाळतात. मोठ्यांनाच नेतो मग." म्हणजे पाचवी ते सातवीला संगणक शिकवायचा नाही, हा निर्णय कुणी घेतलाच नव्हता. तो माझ्या टेबलांनी घेतला होता. दोष ना शाळेचा, ना देणाऱ्यांचा. टेम्पो मी भरला होता.

त्यानंतर मार्च 2020. टाळेबंदीच्या आधी दोन दिवस मी मुलांना घेऊन उमरठला आले, आठवडाभरासाठी म्हणून, आणि राहिले पाच महिने. समाधीकडे जाणाऱ्या रस्त्यावर रेंज यायची, घरात माळ्याच्या जिन्याखाली थोडी. टेबल नव्हतंच. लॅपटॉपची मूळ खोड अशी, की पडदा आणि कळफलक एकमेकांना जोडलेले. पडदा डोळ्यांसमोर आणला तर हात वर जातात, कळफलक मांडीशी आणला तर मान खाली. एक दुरुस्त केलं की दुसरं बिघडतं. चौथ्या दिवशी सासूबाईंनी, म्हणजे त्या वेळी त्याही आमच्याबरोबर इथेच अडकल्या होत्या, देवघरातून आजोबांची पोथीची घोडी आणून दिली. कैचीसारखी उघडणारी, एकाच फळीतून कोरलेली, श्रावणात पोथी ठेवायची ती. लॅपटॉप तिच्यावर, पुण्याहून आणलेला सुटा कळफलक पुढे पाटावर, आणि मी भिंतीला टेकून बसकरावर. मान दुखायची थांबली. बाजारात हजार-दीड हजाराला मिळणारे लॅपटॉपचे स्टँड ह्याच कैचीवर चालतात. आजोबांना तासन्‌तास वाचायचं होतं, आणि त्यांच्या आधी कुणीतरी नीट विचार केला होता, की बसलेल्या माणसाने किती खाली बघावं. 3 जूनला निसर्ग वादळ आलं, वीज गेली, तेव्हा घोडीवर पुन्हा पोथी आली.

आपल्याच वर्गातल्या एकाचं महाडला झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. तोच तो तिरका बसलेला. त्याला विचारून सांगते आहे. महाडकराला पूर नवा नाही, 2005 नंतर त्याने दुकानातलं टेबलच असं करून घेतलं, की वरचा भाग प्रिंटर-संगणकासकट दोन माणसांनी उचलून माळ्यावरच्या खाचेत बसवायचा. सात-आठ वेळा त्याने तसं केलं आणि सामान वाचलं. 22 जुलै 2021 ला पाणी माळ्याच्याही वर गेलं. त्या दिवशी तळिये, आपल्या तालुक्यात केवनाळे, सुतारवाडी इथे जे झालं, त्यापुढे तो दुकानाचं नाव काढत नाही. पण मी विचारलं तेव्हा म्हणाला, "टेबल तसंच पुन्हा केलं. खाच फूटभर वर घेतली."

हे सगळं डोक्यात ठेवून मी मागच्या महिन्यात मुख्याध्यापकांच्या परवानगीने शाळेत आले आणि शिंप्याची टेप घेऊन मुलं मोजली. पाचवीतल्या सगळ्यात लहान चणीच्या मुलीचं, पाय टेकून बसल्यावर कोपर जमिनीपासून साडेएकोणीस इंच. दहावीतल्या सगळ्यात उंच मुलाचं सव्वीस. आणि मी पाठवलेलं टेबल तीस इंच, म्हणजे त्या मुलीच्या खांद्याच्या वर.

मी हे आकडे घेऊन सुतारकाकांकडे गेले. तुम्हाला आठवत असतील, आपल्या वेळी शाळेचे बाक दुरुस्त करायला यायचे ते. मी आधीच चित्र काढून नेलं होतं, तीन उंचींवर सरकणारं टेबल, खुंट्या, खाचा, सगळं. त्यांनी चित्र बघितलं, मग आकडे बघितले, आणि विचारलं, "बसल्या जागेपासून कोपर किती?" ते मी वेगळं मोजलेलं होतं. लहान मुलीचं साडेसहा, उंच मुलाचं नऊ. "आणि गुडघ्याखाली?" तेरा आणि सतरा. काका म्हणाले, "मग टेबल कशाला हलवतेस? फरक पायांत आहे. पायाखालची फळी हलव."

मी तेवीस वर्षं इंजिनिअर आहे. मला हे दिसलं नव्हतं.

त्यांचं म्हणणं असं. बैठक सतरा इंचांवर पक्की, टेबल पंचवीसवर पक्कं. उंच मुलगा पाय जमिनीवर टेकवेल. लहान मुलीसाठी खाली पाय ठेवायची फळी, जुन्या बाकांना असायची तशी, पण दोन खाचांत बसणारी, तीन आणि सहा इंचांवर. कोपराचा उरलेला अडीच इंचांचा फरक घोंगडीच्या घडीने निघतो. सरकणारं काहीच वर नाही, म्हणजे अडकायला, तुटायला, बोट चिमटायला काही नाही. कळफलकाचा कप्पा नाही. एका बाकावर दोन मुलं. पडदा घोडीसारख्या तिरप्या आधारावर, खाली बसवलेला, कारण मान वर करून बघण्यापेक्षा थोडं खाली बघणं सोपं. सीपीयू जमिनीपासून फूटभर वर आणि भिंतीपासून वीतभर लांब, वायरी पाइपातून. लाकूड इथलंच, सांधे खाचेत बसवलेले, कारण ओल्या हवेत खिळे गंजतात. प्रिंटर वेगळ्या घडवंचीवर, वर मोकळी जागा, म्हणजे झाकण उघडेल. कप्पा नको म्हणून मी स्वतः सांगितलं.

ह्याचं पेटंट वगैरे घ्यावं का, असं माझ्या मुलाने विचारलं. आपल्या पेटंट कायद्यात माहीत असलेल्या वस्तूंची नुसती नवी मांडणी शोध धरत नाहीत. काकांना सांगितलं तर ते म्हणाले, "शोध कसला, बाकच आहे."

तर माझी विनंती अशी. बारा संगणकांऐवजी नऊ घ्या. वाचलेल्या पैशांत, माझ्या हिशेबाने, सहा बाक, एक प्रिंटरची घडवंची आणि खोलीच्या पागोळ्यांकडच्या भिंतीची डागडुजी होते. आकडे मी समितीकडे दिलेत, तपासून घ्या, माझ्यावर विश्वास ठेवू नका. टेबलांच्या बाबतीत तर मुळीच ठेवू नका. काही जणांना वाटेल, फलकावर 'बारा' दिसलं तर बरं दिसतं. मला ते कळतं, 2013 च्या फोटोत मीही हसते आहे.

एक नमुना तयार आहे. काकांच्या मुलाने काल टेम्पोतून आणला आणि सातवीच्या वर्गात ठेवलाय. जेवणाच्या पंगती बसायला अजून अर्धा तास आहे. घरची मुलं बरोबर आणली असतील तर त्यांना घेऊन या, बसवून बघा, फळी दोन्ही खाचांत लावून बघा. काही खटकलं तर तिथे खडू ठेवलाय, लाकडावरच खूण करा. काका संध्याकाळपर्यंत इथेच आहेत.